खुंट्याची नाडी

हडपसर, पुणे
२० एप्रिल

मामा, पाया पडते.

शालूला दुखतंय की नाही? हा प्रश्न काल सोनबाकाकांनी मला विचारला आणि मला त्याचं उत्तर येत नाही.

सोनबाकाका म्हणजे आमचे घरमालक. तुम्ही पुणं सोडल्यावर आम्ही इकडे राहायला आलो, म्हणून तुमची त्यांची ओळख नाही. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर आमची चार खोल्यांची चाळ आणि मागे पत्र्याची पागा. पागेत राजा नावाचा तांबडा घोडा आहे आणि शालू ही पांढरी घोडी. शालू वरातीला जाते. हडपसरपासून मांजरीपर्यंत कितीतरी नवरदेव तिच्यावर बसूनच मांडवात गेलेत.

गेले चार दिवस ती उभ्या उभ्या पायांवरचा भार बदलते. पुढचा डावा, मग उजवा, मग परत डावा. लंगडत नाही. वळताना मात्र मोठा वळसा घेते. काका म्हणाले, "तू बी.एस्सी. झालीस ना? मग सांग की."

मी म्हटलं, "काका, माझा विषय वनस्पतिशास्त्र होता."

"मग काय झालं? घोडी गवतच खाती."

घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे मला सगळंच विचारतात. आईच्या गोळ्या, दादाच्या कंपनीतून आलेलं पत्र, शेजारच्यांचे फॉर्म. येत नाही म्हटलं की त्यांना वाटतं, मला येतंय पण मी सांगत नाही. म्हणून मी रात्री फोनवर वाचत बसले. घोड्याच्या खुरात आतून दाह होतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड ज्या विणीनं धरून ठेवलेलं असतं, ती वीण उसवत जाते. पुरती उसवली की घोडा पुन्हा धड उभा राहत नाही. पण लंगडण्याच्या आधीच पायाची नाडी जोरात उडायला लागते, ती हाताला कळते, असं लिहिलं होतं.

आज सकाळी मी शालूच्या पायाशी बसले. घुंगरांची पट्टी वर सरकवली, अंगठा टेकवला आणि नाडी लागली. ठक ठक ठक, मिनिटाला चौऱ्याऐंशी! मी इतकी घाबरले की ओरडून काकांना बोलावलं आणि आजच्या वरातीला शालूला जाऊच दिलं नाही. तिच्या जागी राजा गेला. पांढरी घोडी ठरली होती म्हणून नवरदेवाच्या आत्यानं काकांना दारातच ऐकवलं, "दाखवायची एक आणि आणायची एक, असं का तुमचं?"

डॉक्टरांना बोलवा म्हटलं तर काका तयार नाहीत. डॉक्टरांची गाडी दारात दिसली की घोडी आजारी असल्याचा बोभाटा होतो, आणि आजारी घोडीवर नवरदेव बसवणं लोक अशुभ मानतात.

तुम्ही खडकीला लष्कराच्या तबेल्यात तीस वर्षं मोतद्दार होतात, घोड्यांतच राहिलात. मला नीट शिकवा. फोन केला असता, पण फोनवर आपलं बोलणं "ऐकू येतंय का" याच्या पुढे सरकत नाही.

आणि दादाच्या लग्नाला, २५ मेला, तुम्ही येणार ना? त्याची वरात शालूवरूनच आहे. तो कंपनीत कायम झाला तेव्हाच काकांनी शब्द दिलाय. आई म्हणते, घोडीचा लगाम योगेशच्या मामानंच धरायचा.

तुमची पूर्णिमा


दारव्हा, जि. यवतमाळ
२४ एप्रिल

पूर्णिमा, तुले आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. एकदा काळजीनं आणि दोनदा हसत. शांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते. तुले चौऱ्याऐंशी लागले? शालू तबेल्यात उभी होती का शर्यतीत धावत होती? बाई, तू स्वतःचीच नाडी मोजली. अंगठ्याला आपली स्वतःची नाडी असते. खोटं वाटत असेल तर त्याच अंगठ्यानं तिला बांधायचा खुंटा दाबून पाहजो आणि काय लागलं ते मले कळवजो.

आता नीट वाच. पाहायचं ते सकाळी, चाऱ्याच्या आधी आणि ती चालायच्या आधी. चालून आलेल्या, उन्हात तापलेल्या घोड्याची नाडी तशीही उडते. खुराच्या वर जो पहिला मोठा सांधा आहे, त्याच्या मागच्या अंगाला, आतून आणि बाहेरून, दोरीसारखं काहीतरी बोटाखाली घरंगळते. तिथं अंगठा नाही, पहिली दोन बोटं टेकव. नुसती टेकव. दाबली तर नाडी बंद होते आणि तुले वाटते की नाहीच. मग थांब. चांगल्या घोड्याची नाडी शोधावी लागते. कधी अर्धं मिनिट लागते, कधी सापडतच नाही. खुरात आग पेटली की शोधावी लागत नाही, बोट ठेवल्याबरोबर टोले देते. ठोके किती ते मोजू नको, जोर किती ते पाह्य. चारही पाय पाह्य, राजाचेही पाह्य. खुरावर तळहात ठेवून गरम लागते का तेही पाह्य. रोज पाहिलं की शालूची रोजची कशी असते ते बोटांना पाठ होईल. तेव्हाच एखाद्या दिवशी वेगळी लागली तर तुले कळेल.

घुंगरांच्या पट्ट्या तबेल्यात काहून घातल्या? नेमकी तीच जागा झाकते. सोडून ठेवायला सांग.

आणि ती डाळ किती खाते ते विचारून ठेव.

लग्नाला यायचं जमेल असं वाटत नाही. गुडघे दुखतात. कानांचं तर तुले माहीत आहे, त्यांच्यापायीच नोकरी सोडली. योगेशला इथूनच आशीर्वाद. लगाम दुसऱ्या कोणाला धरायला सांगा.

कोंडीराम मामा


हडपसर, पुणे
३ मे

मामा,

खुंट्याला नाडी आहे. मिनिटाला ब्याऐंशी.

मी पागेत एकटीच मोठ्यानं हसले, आणि मग हसू पुरतं ओसरायच्या आत लाज वाटली. माझ्या अंगठ्यापायी काकांनी दारात बोलणी खाल्ली होती. लपवणं बरं वाटेना म्हणून जाऊन सांगितलं. काका दाढी करत होते. आरशातूनच बायकोला हाक मारली, "यमुना, ऐकलंस का? आपला खुंटा जिता हाय. त्याचीच वरात काढू, चारा तरी वाचंल."

तेव्हापासून मी डॉक्टरीणबाई. नळावर पाणी भरायला गेले की शेजारचा माधव मनगट पुढे करतो, "बघा हो, मी आहे का अजून?"

पण तुम्ही सांगितलंत तसं मी रोज पाहते. पहिले तीन दिवस बोटांना काहीच लागलं नाही. चौथ्या सकाळी लागलं. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी घड्याळ चालू असावं, तितकंच. मी हललेच नाही, हलले तर ते जाईल असं वाटलं. चारही पाय सारखे, राजाचेही तसेच, खूर गार.

भार बदलण्याचं कारणही सापडलं. डाव्या पायाच्या घुंगराच्या पट्टीखाली कातडं सोलवटलं होतं. या कातडी पट्ट्या यमुनाबाईंनी स्वतः शिवल्यात, एकेका पायाला बारा घुंगरं. मोसमातल्या पहिल्या मुहूर्ताला त्या शालूच्या पायात बांधतात आणि शेवटची वरात झाल्याशिवाय सोडत नाहीत. तुमचा निरोप दिला तर म्हणाल्या, "तुझ्या मामांना सांग, साहेबांची घोडी सांभाळली असतील त्यांनी, लग्नाची न्हाय. शालू दिसायच्या आधी ऐकू आली पायजे." मात्र त्यांनीच सोलवटलेल्या जागी हळद-तेल लावलं आणि पट्टीखाली मऊ धडपा घातला. दोन दिवसांत शालू चारी पायांवर सरळ उभी राहिली. मामा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

डाळीचं विचारलं. घरी एक मूठ. लग्नघरी मात्र देतील तेवढी. वरमाई ताटातून भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ घेऊन घोडीला घास भरवते. तिच्यानंतर करवल्या, मग ज्यांना फोटो काढायचा असतो ते सगळे. काका म्हणतात, लग्नघरचा घास नाकारायचा नसतो. १३ आणि १४ मेला मिळून तीन वराती आहेत.

तुमचे गुडघे मला पटलेले नाहीत. आईलाही नाही. मी गाडीत खालचा बर्थ बघते.

पूर्णिमा


दारव्हा
८ मे

पूर्णिमा,

पोस्टकार्ड आहे, जागा थोडी. खुंट्याचे ब्याऐंशी ठोके मी आमच्या पोस्टमनलाही सांगितले. चूक झाली आणि तू ती जाऊन सांगितली, हे चांगलं केलं.

डाळीचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. डाळ-गूळ पोटात गेल्यावर खुरांपर्यंत पोचायला एक-दोन दिवस लागतात. वरातीच्या दुसऱ्या दिवशी घोडी छान असते, म्हणून कोणी पाहत नाही. तू दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी पाहजो. जोरात लागली तर आधी आपलं बोट नाही ना, ते तपास. नसेल तर थांबू नको.

बर्थ काढू नको.

कोंडीराम मामा


हडपसर, पुणे
१६ मे, सकाळी सात

मामा,

बोट ठेवल्याबरोबर टोले.

तुमचं कार्ड तेराला आलं होतं. काल सकाळी नाडी जराशी जास्त वाटली, पण मला खात्री नव्हती. आज शोधावी लागलीच नाही. आधी मी दोन बोटं खुंट्याला लावली. खुंटा गप्प. मग राजाला. त्याची लांबून, नेहमीसारखी. मग शालूला. पुढचे दोन्ही पाय, आतून आणि बाहेरून. पट्टी पुरती वर सरकवायच्या आधीच बोटाखाली उडत होती. खूर तळहाताला गरम लागतात. पण ती चालते नीट, खाते नीट, मला पाहून कान टवकारते.

परवाच्या तिसऱ्या लग्नात वरमाईनं ताट नाही, परात आणली होती.

काका राजाला खरारा करत होते. मी सांगितलं. वर न बघता म्हणाले, "खुंट्याचं काय म्हणणं हाय?"

"खुंटा बरा आहे काका. शालू नाही."

मग मात्र त्यांनी खरारा खाली ठेवला. "लंगडतीय का? न्हाय. खातीय का? व्हय. मागच्या खेपेला तुझं ऐकलं आन् परक्या बाईची बोलणी खाल्ली. आज संध्याकाळी वरात हाय, रविवारी एक हाय, पुढल्या आठवड्यात तुझ्याच भावाची हाय. जा, कामाला जा."

माझं काम तुम्हाला माहीत आहे. बी रुजेल की नाही हे सांगायचं. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे आणि आठ दिवस वाट बघायची. आठव्या दिवशी किती रुजले ते मोजायचं आणि सही करायची. इथे आठ दिवस नाहीत. संध्याकाळी ती तीन तास डांबरी रस्त्यावर नाचवली जाईल.

मी परत चुकत असेन तर चाळीत मला कोणी तोंड उघडू देणार नाही. बरोबर असेन आणि गप्प बसले तर शालू जाईल. दादाला अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते. तुमचं उत्तर वेळेत येणार नाही हे कळतंय, तरी टाकते.

पूर्णिमा


दारव्हा
१९ मे

पूर्णिमा,

आधी काम. डॉक्टर आजच्या आज बोलाव. घोडीला एक पाऊल चालवू नको. खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवा. पायाखाली जाड, मऊ भुसा टाका. डाळ आणि गूळ बंद. पुढचं डॉक्टर सांगतील तसं.

आता दुसरं. मी नोकरी कानांपायी सोडली नाही.

आमच्याकडे कप्तान नावाचा घोडा होता. काळा, कपाळावर चांदवा. एका सकाळी त्याच्या पायाशी बसलो आणि टोले लागले. माझ्या बोटांना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची सवय होती. ती चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर कवायत होती. मी मनात म्हटलं, चौथी शिकलेला माणूस मी, साहेबांना काय सांगू? लंगडला की त्यांना दिसेलच. कप्तान लंगडला नाही. कवायतीत सगळ्यांत सुंदर तोच चालला. तिसऱ्या दिवशी खाली बसला तो परत उठला नाही.

मले कोणी एक शब्द बोललं नाही. बोलणार कसं? मले आधी कळलं होतं हे कोणाला माहीतच नव्हतं. आज तुले पहिल्यांदा सांगतो. कान नंतर गेले. गेले तेव्हा बरंच वाटलं, सांगायला कारण मिळालं.

म्हणून मी वरातीचा लगाम धरायला येत नव्हतो. गुडघे चांगले आहेत.

तू शिकलेली आहे म्हणून ते तुझं ऐकतीलच असं नाही. आणि मी चौथी पास म्हणून साहेबांनी ऐकलंच नसतं, असंही नाही. मी सांगितलंच नाही, एवढंच खरं. तू सांग. एकदा नाही ऐकलं तर परत सांग.

काय झालं ते लवकर कळव. मी रोज पोस्टात जाऊन बसतो.

कोंडीराम


हडपसर, पुणे
३ जून

मामा,

शालू उभी आहे. चारी पायांवर, चांगली. हे पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे पोस्टात उभ्या उभ्या वाचलंत तरी चालेल. २२ तारखेला तुमच्या शेजारच्या निकिताच्या फोनवर "घोडी वाचली" एवढा निरोप दिला होता, तो तिनं तुमच्या कानापर्यंत पोचवला असेल. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि लग्नाच्या गडबडीत लिहायला सवड नव्हती. उशिराबद्दल रागवा.

सोळा तारखेला तुम्हाला लिहिलेलं पत्र टाकायला मी पोस्टात गेले. तिकडून बसस्टॉपवर जायचं होतं. पण पाय परत पागेकडेच वळले. संध्याकाळची जरीची झूल शालूच्या पाठीवर चढवून बघणं चाललं होतं. मी दारात आडवी उभी राहिले.

काका म्हणाले, "आता काय?"

"माझं ऐकू नका. तुमची बोटं द्या."

"कशाला?"

"आधी खुंट्याला लावा. माझी चूक तिथं झाली होती. तिथूनच सुरू करू."

यमुनाबाई दारात कणीक मळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "लावा की. खुंटा काय चावतोय?"

काकांनी दोन बोटं खुंट्याला लावली. "काय न्हाय."

"आता राजा." मी त्यांची बोटं धरून सांध्याच्या मागे ठेवली. ते लगेच म्हणाले, "हितंबी काय न्हाय." मी म्हटलं, थांबा. कणीक मळणं थांबलं होतं. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "हां. हाय. लांब हाय."

"आता शालू. पण पट्टी नुसती सरकवून तुमच्या बोटांना कळणार नाही, सोडावी लागेल."

यमुनाबाई कणकेच्या हातानं उठल्या, खाली बसल्या आणि स्वतः गाठ सोडली. मोसमाच्या मधोमध. काकांनी बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. परत टेकवली. "ही तर आतनं मारतीय गं," म्हणाले, आणि तिथेच शेणात मांडी घालून बसले.

"डॉक्टरला बोलवा," यमुनाबाई म्हणाल्या.

"लोकं काय म्हणतील?"

"दोन दिस म्हणतील. घोडी बसली तर उठवायला येणार हायत का लोकं?"

डॉक्टर गंधार दोन तासांत आले. सांडशीसारख्या हत्यारानं खूर दाबून पाहिले, पायांचे एक्स-रे काढले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हाड जागच्या जागी होतं. ते म्हणाले, "लंगडायला लागल्यावर बोलावतात मला. तेव्हा निम्मं हातातून गेलेलं असतं. हे कुणाला कळलं?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाई. वनस्पतीच्या हायत."

तीन दिवस, तीन रात्री शालूचे पुढचे पाय बर्फात होते. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्या रामदासनं लाद्या दिल्या. तीन दिवस त्याच्याकडे रस कोमट मिळाला आणि लोकांनी कुरकुर केली. लाद्या वाहून आणायला माधव होता. मनगट पुढे करणारा तोच. शालूला ती टपं आवडली असावीत, पाय बाहेर काढायला तयार नव्हती. पाचव्या सकाळी मला नाडी शोधावी लागली. मी डोळे मिटून बसले होते. काका म्हणाले, "झोपलीस व्हय?" मी नुसती मान हलवली. त्यांनी काय समजायचं ते समजलं आणि उगाच खोकत बाहेर गेले.

तुमचं पत्र २२ला आलं. तुम्ही लिहिलेलं सगळं काम तोवर झालं होतं. दुसरी गोष्ट मात्र मी पागेत बसून वाचली. कप्तानचं मी आईला सांगितलेलं नाही. ते तुमचं आहे, सांगायचं तर तुम्ही सांगाल. मला एवढंच म्हणायचंय की काकांनी माझ्या पदवीचं ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं ते खुंट्याचं, आणि खुंट्याला बोट लावायला मला तुम्ही शिकवलंत. कप्तानच्या पायाशी बसलेली बोटं वाया गेली असं मी मानत नाही. तुम्हीही मानू नका.

आता दादाचं. मी त्याला सोळाच्या संध्याकाळी सांगितलं, घाबरतच. तीन वर्षं सगळ्यांना सांगत होता, शालूवरून जाणार म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे मी पायी?"

"हो."

"नक्की ना? ऐन वेळी बरी होणार नाही ना ती?"

"नाही. तिला काही महिने आराम आहे."

"सुटलो!" म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. मामा, त्याला घोड्याची भीती वाटते! काकांनी इतक्या मायेनं शब्द दिला होता की त्याला नको म्हणता येईना. तीन वर्षं हा माणूस घोड्यावरून पडू नये म्हणून फोनवर व्हिडिओ बघत होता.

तर २५ला दादा मुंडावळ्या बांधून हडपसरच्या रस्त्यावरून पायी गेला, आणि सगळे म्हणाले नवरदेवाचा चेहरा किती प्रसन्न आहे. पागेसमोर मी बँड थांबवायला लावला. आई सवयीनं डाळ-गुळाचं ताट घेऊन पुढे झाली. यमुनाबाईंनी ताट तिच्या हातातून काढून घेतलं. "ताई, आज घास न्हाय. नुसता हात फिरवा." आईनं शालूच्या कपाळावरून हात फिरवला, मग दादानं, लांबूनच, दोन बोटं. त्या डाळीचे दुसऱ्या दिवशी वडे झाले. काकांनी सहा खाल्ले. लगाम नव्हताच, त्यामुळे तुमच्या जागी तो कुणालाच धरावा लागला नाही.

काका आता लग्नघरी राजाला घेऊन जातात आणि ताट पुढे आलं की मोठ्यानं सांगतात, "घास न्हाय, खूर तापत्यात." लोक विचारतात कसे, मग ते सगळी गोष्ट सांगतात. त्यात हल्ली नाडी त्यांनाच आधी लागते. सकाळी मात्र मला हाक मारतात, "डॉक्टरीणबाई, खुंटा बघितला का?" आणि मी खरंच आधी खुंट्याला बोटं लावते.

आज शालूची नाडी सापडायला पाऊण मिनिट लागलं. डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की ती हळूहळू कामावर जाऊ शकेल.

हे ऐकल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती. घुंगरांच्या पट्ट्या पागेत खिळ्याला टांगलेल्या होत्या. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मुहूर्ताला त्या परत शालूच्या पायात जाणार, मोसम संपेपर्यंत कोणी सोडणार नाही, आणि जिथं बोटं ठेवायची तीच जागा परत झाकली जाणार. यमुनाबाईंना विचारावं असं रोज वाटायचं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर पुढे काय, ते मला सुचत नव्हतं.

काल दुपारी मी विचारलं नाही. पट्ट्या खाली काढल्या आणि कात्रीनं उसवल्या. दोन पट्ट्यांची चोवीस घुंगरं परातीत काढली आणि शालूच्या छातीच्या पट्ट्यावर दाभणानं एकेक शिवायला बसले. अकरा झाली होती तेव्हा यमुनाबाई मागे येऊन उभ्या राहिलेल्या मला कळल्या. कापलेली कातडी माझ्या पायाशीच पडली होती. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली. मी मान खाली घालून बसले.

"टाके लांब घालतीस," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वरातीत गळतील." मग माझ्या हातातून दाभण घेतलं आणि शेजारी बसल्या. उरलेली तेरा त्यांनी शिवली. माझी अकरा उसवून तीही परत शिवली.

पट्टा शालूच्या गळ्यात घातला तेव्हा तिनं माशी उडवायला मान झटकली आणि सगळी घुंगरं एकदम वाजली. काका बाहेरून धावत आले, घोडी सुटली की काय म्हणून.

पट्ट्यांची कातडी संध्याकाळी चुलीत गेली. पायात बांधायला आता काही उरलेलं नाही.

तुमची पूर्णिमा